सुतारकामाचा व्हिडिओ बघताना हातांकडे बघा

दुरुस्तीला आलेलं टूल मी लगेच उघडत नाही. आधी नुसतं हातात घेऊन फिरवून बघतो. ग्राइंडर असेल तर पहिली नजर जाते ती गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, बसतो त्या कॉलरकडे, डिस्कमागच्या गोल कड्याकडे. गार्ड लावून वापरलेल्या ग्राइंडरची कॉलर घासलेली असते, तिथला रंग उडालेला असतो, खाचेत काळी पूड बसलेली असते. परवा एक ग्राइंडर आला, त्याची कॉलर कोरी करकरीत. बाकी मशीन मात्र वर्षभर राबल्यासारखं दिसत होतं: हवेच्या जाळीत लाकडाचा भुसा ठासून भरलेला, कार्बन ब्रश संपत आलेले, स्विच दाबलेलाच राहावा म्हणून त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे. म्हणजे गार्ड खोक्यातून बाहेर आलाच नव्हता. तक्रार एवढीच, की मशीन मध्येच झटके मारतं.

डिस्क जिथे टेकते ती फ्लँज मी काढून उजेडात धरली. तिच्या एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण होती. मोठ्या भोकाचं, लाकूड कापायचं ब्लेड वॉशर घालून बसवलेलं, ते मधोमध बसलं नव्हतं आणि डगमगत फिरत होतं. हे कुठे शिकलात, असं मी विचारलं. उत्तर मला आधीच माहीत होतं. व्हिडिओत बघितलं.

वीसेक वर्षं मी पॉवर टूल दुरुस्त करतोय. पूर्वी मशीन बिघडायचं ते पाणी शिरल्यामुळे, वायर पिळल्यामुळे, किंवा कुणीतरी झेपणार नाही एवढं ओझं टाकल्यामुळे. आता त्यात प्रयोगांची भर पडली आहे. तरीही व्हिडिओ बघू नका असं मी म्हणणार नाही, कारण रात्री जेवण झालं की मीही तेच बघत बसतो. खाचा-खुंटीचा जोड नीट कसा आखायचा ते मला एका व्हिडिओनेच शिकवलं. तेव्हा बघा, पण कसं बघायचं ते सांगतो.

पडद्यावरचा माणूस तो काप एकदा मारतो आणि त्याचं काही बिघडत नाही, एवढंच व्हिडिओत दिसतं. तुम्हाला तोच काप पुढची दहा वर्षं मारायचा आहे. ज्याचं बिघडलं त्याने त्या दिवशी व्हिडिओ टाकला नाही, त्यामुळे तुमच्यासमोर येतात ते सगळे बचावलेलेच. शिवाय दहा मिनिटांच्या व्हिडिओमागे दोन दिवसांचं काम असतं. ब्लेड अडकलं, फळी उडाली, पुन्हा केलं, हा सगळा भाग कापून टाकलेला. राहतं ते लोण्यातून सुरी जावी तसं काम आणि मागे गिटार.

म्हणून पहिली गोष्ट: आवाज बंद करून बघा. गिटार थांबलं की डोळे उघडतात. दुसरी गोष्ट: वेग पाव करा, बहुतेक ठिकाणी ती सोय असते. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. दात लाकडाला टेकायच्या बरोब्बर आधी व्हिडिओ थांबवा आणि हाताकडे बघून विचारा: लाकूड या क्षणी हाताखालून नाहीसं झालं, तर हा हात कुठे जाईल?

हात नेहमी कुठल्या तरी दिशेने जोर लावत असतो. लाकूड आहे तोवर तो जोर लाकूड सोसतं. ते उडालं, फुटलं, सरकलं, की हात त्याच दिशेने, त्याच जोराने पुढे जातो. मेंदूने "थांब" म्हणेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्या दिशेला ब्लेड असेल तर व्हिडिओ कितीही सुंदर असो, तो काप तसा मारायचा नाही. त्याला जोडून दुसरा प्रश्न: लाकूड सुटलं तर कुठे जाईल आणि तिथे कोण उभं आहे? हे दोन प्रश्न घेऊन एकेका मशीनकडे जाऊ.

टेबल सॉ

टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड ढकलत कापायचं ते हे मशीन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच माझीही चूक झाली.

10 इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. पुढचे दात, म्हणजे तुमच्या बाजूचे, खाली जात असतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात आणि वर येऊन तुमच्याकडे वळतात. कापलेलं लाकूड जोवर या मागच्या दातांना शिवत नाही, तोवर सगळं ठीक. शिवलं की ते उचललं जातं आणि तुमच्या दिशेने फेकलं जातं. यालाच किकबॅक म्हणतात. तुमच्या पाव सेकंदात दात तेरा मीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे "मी सावध होतो" या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

लाकूड मागच्या दातांना दोन कारणांनी शिवतं. एक म्हणजे चीर मिटते. झाड वाढताना लाकडात जो ताण साठलेला असतो तो कापताना सुटतो आणि दोन्ही बाजू जवळ येऊन ब्लेडला चिमटा बसतो. दुसरं म्हणजे लाकूड फेन्सपासून, म्हणजे ज्या सरळ पट्टीला टेकवून ते ढकलतात तिच्यापासून, किंचित फिरतं. दोन्हींवर उपाय एकच, ब्लेडच्या मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ब्लेडबरोबर ती वरखाली होते, ब्लेडच्या अगदी जवळ असते, आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत पोचू देत नाही. व्हिडिओ थांबवलात की ब्लेडच्या मागे ही पट्टी शोधा. दिसली नाही तर त्या माणसाकडून पॉलिश करायला शिका, कापायला नको.

वरचं पारदर्शक झाकण दिसलं नाही तर मी लगेच नाक मुरडत नाही. अर्धवट खोलीची खाच मारताना ते काढावं लागतं. "नीट दिसावं म्हणून गार्ड काढला आहे" अशी पाटी पडद्यावर येते, तीही एकवेळ खरी मानू. पण रायव्हिंग नाइफ कॅमेऱ्याच्या आड येत नाही. ती काढायला चित्रीकरणाचं निमित्त पुरत नाही.

आता माझी गोष्ट. प्लायवूडचा एक तुकडा होता, जवळजवळ चौकोनी, हातभर. त्याची एक बाजू बोटभर कमी करायची होती. आदल्याच रात्री एका व्हिडिओत त्या माणसाने असाच तुकडा फेन्सला टेकवून, एका हाताने ढकलत, दोन सेकंदांत कापला होता. मीही तसंच केलं. माझ्या सॉची रायव्हिंग नाइफ खणात होती, कारण आधी खाच मारायला काढली आणि परत लावायचा कंटाळा केला. अर्ध्याहून जास्त काप झाल्यावर तुकड्याचा मागचा कोपरा फेन्सपासून जेमतेम नखभर सुटला. मला दिसलं काहीच नाही. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि बरगडीखाली कोणीतरी गुद्दा मारला. पंधरा दिवस मला त्या कुशीवर झोपता आलं नाही.

तो तुकडा मी ठेवलाय. त्याच्या तळाला सरळ चिरेपासून निघून कोपऱ्याकडे वळत गेलेली एक कमान आहे, परकाराने काढावी तशी. वर जाता जाता ती खोल होत जाते आणि एकाएकी संपते. तुकडा ब्लेडवर चढून फिरला त्याची ती सही. कमान जिथे संपते तिथे मी माझा अंगठा ठेवून बघितला. ढकलताना तो जिथे होता, तिथून चार बोटांवर.

तेव्हा टेबल सॉच्या व्हिडिओत हे बघा. माणूस ब्लेडच्या रेषेत उभा आहे की बाजूला? बाजूला हवा. ब्लेड किती वर आहे? लाकडाच्या वर दाताची उंची एवढं पुरतं. पूर्ण वर काढलेलं ब्लेड कॅमेऱ्यात झकास दिसतं, पण हाताला तेवढं जास्त पातं उघडं मिळतं. ढकलायला काठी आहे की बोटं? हात आणि ब्लेड यांत निदान 15 सेंटिमीटर अंतर राहत नसेल तर काठी हवीच. तीही टोकाला नुसती खाच असलेली सडपातळ काठी नको. लाकडाला वरून दाबणारी आणि मागून टाचेने ढकलणारी, बुटाच्या आकाराची हवी, कारण सडपातळ काठी ढकलते पण लाकूड खाली धरत नाही.

आडव्या कापाची एक चूक तर इतकी सर्रास दिसते की ती पद्धतच वाटायला लागते. टेबलाच्या खोबणीत सरकणाऱ्या गेजने, म्हणजे आडव्या आधाराने, लाकूड ढकलायचं आणि त्याच वेळी दुसरं टोक फेन्सला टेकवून माप साधायचं. कापलेला तुकडा मग फेन्स आणि फिरतं ब्लेड यांच्यात सुटा पडून राहतो. त्याला कोणी धरलेलं नाही आणि जायला जागा नाही. किंचित तिरका झाला की गेलाच. मापच साधायचं असेल तर फेन्सवर, ब्लेडच्या बऱ्याच आधी, एक ठोकळा क्लॅम्पने बसवा. माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्या. लाकूड ब्लेडपर्यंत पोचेतो ते ठोकळ्यापासून सुटलेलं असतं आणि कापलेल्या तुकड्याला मोकळी जागा मिळते.

आणि फेन्सही नाही, गेजही नाही, नुसत्या हाताने आखलेल्या रेषेवरून फळी कापणारा कोणी दिसला तर पुढचं बघायचीही गरज नाही.

बोटाऐवजी सॉसेज ब्लेडला लावून ब्लेड जागच्या जागी थांबवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते खरे आहेत. स्टीव्ह गॅस या अमेरिकन माणसाने 1999 मध्ये हे तंत्र काढलं, सॉस्टॉप नावाने ते बाजारात आलं. ब्लेडमधून एक बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. शरीराचा स्पर्श झाला की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून सुमारे 5 मिलिसेकंदांत त्याला अडवतो. ठोकळा वाया जातो, बहुतेकदा ब्लेडही. पण ती सोय असलेल्या मशीनवरचा माणूस बिनधास्त वागतो ते बघून साध्या मशीनवर तसं वागू नका. आणि किकबॅक ते मशीनसुद्धा थांबवत नाही. ब्लेडला फक्त बोट कळतं, फळी उडालेली कळत नाही.

ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड

हा माझ्या रोजच्या टेबलावरचा विषय. 100 मिलिमीटरचा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्याला 180 मिलिमीटरचं लाकडाचं ब्लेड लावलंत, तर दातांचा वेग ताशी 370 किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्येक ब्लेडवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते ब्लेड त्या मशीनवर चढवायचंच नाही, एक कापसुद्धा नाही. ब्लेडच्या दातांवर कार्बाइड या अति कठीण पदार्थाचे तुकडे डागलेले असतात. सुटले तर ते गोळीसारखे जातात, आणि एवढं मोठं ब्लेड बसवायला गार्ड आधीच काढलेला असतो.

पण वेगाहून मोठी अडचण वेगळी आहे. घासणारी डिस्क बारीक कणांनी कापते, प्रत्येक कण धुळीएवढंच घेतो, आणि ग्राइंडर त्यासाठी बनवलाय. लाकडाचा दात चावा घेतो. सर्क्युलर सॉ असा चावा सोसतो कारण त्याच्या खाली लाकडावर टेकणारी रुंद पाटी असते. किती खोल जायचं ते पाटी ठरवते, हात नाही. ग्राइंडरला पाटी नाही. दोन किलोहून हलकं मशीन दोन हातांत हवेत धरलेलं असतं. गाठीत दात अडकला की फिरायचं ते ब्लेड थांबतं आणि त्याऐवजी मशीन फिरतं. कुठे जाईल हा प्रश्न इथे विचारून बघा. उत्तर मांडी, पोट किंवा गळा असं येतं.

भोकाचंही तसंच. 100 मिलिमीटरच्या ग्राइंडरच्या डिस्कचं भोक 16 मिलिमीटरचं, 125 च्या डिस्कचं 22.23 मिलिमीटरचं. लाकडाची ब्लेडं बहुधा 20, 25.4 किंवा 30 च्या भोकाची. मग वॉशर, रिंग, एका महाभागाने तर तारेचा वेढा घातलेला मी पाहिलाय. कंपनं बेअरिंग खातात, नट सैल करतात. मघाशी सांगितलेल्या त्या ग्राइंडरचं बेअरिंग मी बोटाने फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखा खरखर आवाज येत होता.

ग्राइंडरला करवतीची साखळी लावून कोरीवकाम करण्याचे व्हिडिओही खूप चालतात. तिथेही मुळात हीच गोष्ट आहे. कोरायचंच असेल तर दातांची खोली मर्यादित ठेवणारी, त्याच कामासाठी बनवलेली कार्बाइडच्या टोचांची डिस्क असते. ती गार्ड आणि बाजूची दुसरी मूठ लावून वापरतात. सुरुवातीला मात्र पटाशी आणि हातोडी.

मार्बल कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवायचा आणि त्याला टेबल सॉ म्हणायचं, हा प्रकार दुरुस्तीच्या दृष्टीने माझ्या फायद्याचा आहे. रायव्हिंग नाइफ नाही, झाकण नाही, भुसा थेट मोटरीत पडतो. आणि स्विच लॉक करून ठेवलेला, चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणाने. वीज गेली, माणूस लाकूड उचलायला हात घालतो, आणि वीज परत येते. त्या क्षणी मशीन स्वतःहून सुरू होतं. कारखान्यात बनलेल्या बऱ्याच टेबल सॉंना वीज गेल्यावर आपोआप बंद पडणारा आणि हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच असतो, तो याचसाठी. स्विचवर चिकटपट्टी किंवा केबल टाय दिसला की मी मशीन हातात देण्याआधी तो कापतो. रागावणारे रागावतात.

मायटर सॉ, राउटर आणि हातमोजे

मायटर सॉ, म्हणजे ब्लेड वरून खाली आणून आडवा काप मारायची करवत. तिचे दात खालून फेन्सकडे जातात, म्हणजे लाकूड फेन्सकडे ओढलं जातं. लाकूड आणि फेन्स यांच्यात फट असेल, फळी वाकडी असेल, तर ती झपकन आपटते आणि तिला धरलेली बोटंही तिच्याबरोबर जातात. फळीचा फुगवटा फेन्सकडे करून ठेवा. बोटाएवढा तुकडा हातात धरून कापणारे दिसतील, ते अजिबात करू नका. लांब लाकडातून कापा, किंवा तुकडा क्लॅम्पमध्ये धरा. डावा हात ब्लेडच्या उजवीकडे आणि उजवा हात हँडलवर, असे आडवे गेलेले हात दिसले की व्हिडिओ बंद. आणि काप झाल्यावर ब्लेड फिरत असतानाच वर उचलू नका. बटण सोडा, थांबू द्या, मग उचला. सुटा तुकडा उडतो तो बहुतेक याच घाईत.

राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने कडा आणि खाचा कोरायचं मशीन. त्यात दिशाच सगळं ठरवते. बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध जायचं. हातातला राउटर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, आतल्या कडेने घड्याळाप्रमाणे. उलट गेलात तर बिट चाकासारखं धावतं आणि मशीन हातातून पळतं. कसलेले लोक शेवटची पातळ फेरी कधी कधी मुद्दाम उलट मारतात, म्हणजे कड चिरत नाही. व्हिडिओत तेवढंच दिसतं, आधीच्या चार फेऱ्या कापून टाकलेल्या असतात. मोठ्या बिटला वेग कमी करा. 50 मिलिमीटरहून रुंद बिट असेल तर 12,000 फेऱ्यांच्या आसपास. 80 चं बिट 24,000 वर फिरवलं तर कडेचा वेग ताशी 360 किलोमीटर होतो, आणि ते कॅमेऱ्यात कळत नाही कारण फिरणारं बिट सगळ्याच वेगात सारखंच धूसर दिसतं. बिट कोलेटमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या तोंडात, तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि मग आवळा. तळाला टेकलेलं बिट पकडीत नीट बसत नाही.

हातमोजे घातलेला माणूस बघून लोकांना तो फार सुरक्षित वाटतो. फिरत्या मशीनवर हातमोजा नको. नुसत्या बोटाला बिट शिवलं तर कातडं जातं. हातमोज्याचा धागा गुंतला तर आख्खा हात आत ओढला जातो. ड्रिल प्रेसवर, म्हणजे उभ्या ड्रिल मशीनवर, तर विशेष. अंगठी, लोंबणारी बाही, मोकळे केस, गळ्यातलं, सगळं तसंच. खरबरीत फळ्या उचलताना मोजे जरूर घाला, मशीन बंद असताना.

जिथे हात दिसतच नाहीत

एका प्रकाराला माझे दोन्ही प्रश्न लागू पडत नाहीत, म्हणून तो वेगळा सांगतो. लाकडावर विजेने झाडाच्या मुळांसारखी नक्षी जाळायची. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढतात, लाकडावर मिठाचं किंवा सोड्याचं पाणी फासतात, दोन टोकं टेकवतात. बघायला विलक्षण सुंदर. त्या ट्रान्सफॉर्मरमधून 2000 व्होल्टच्या आसपास दाब निघतो आणि सोबत जीव घ्यायला पुरेल त्याहून कितीतरी जास्त प्रवाह. घरातला गळतीचा ब्रेकर इथे वाचवत नाही. तो मूळ वायरिंगमधून गेलेला आणि परत आलेला प्रवाह मोजतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तुमच्या छातीतून जाणारा प्रवाह त्याला वेगळा दिसतच नाही. मी रोज विजेशी खेळतो, तरी याच्या वाटेला जात नाही.

अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने 2017 मध्ये आपल्या कार्यक्रमांत आणि प्रकाशनांत या प्रकारावर बंदी घातली. त्यांच्याकडे नोंद झालेले मृत्यू तीसहून जास्त आहेत. ऑस्ट्रेलियातल्या अॅन रीअर्डन या बाईंनी 2022 मध्ये याविरुद्ध सावध करणारा व्हिडिओ केला, तर यूट्यूबने तोच काढून टाकला, आणि मग ओरड झाल्यावर परत ठेवला. कुठला व्हिडिओ राहतो आणि कुठला जातो यावर भरवसा ठेवायचा तो एवढाच. इथे सुरक्षित पद्धत सांगा असं मला कोणी म्हटलं तर माझ्याकडे ती नाही. नक्षी हवी तर साधं, कमी दाबाचं जाळायचं पेन वापरा.

नाक आणि कान

खिडकीतून उन्हाची तिरीप, त्यात नाचणारा भुसा, आणि तोंडाला काही न बांधता सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, चालवणारा माणूस. हे दृश्य प्रत्येकाला आवडतं. लाकडाची धूळ कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच पहिल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या गटात टाकलंय. नाकाचा आणि त्याच्या बाजूच्या पोकळ्यांचा कर्करोग. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते, न दिसणारी छातीत जाते. एन95 दर्जाचा मास्क लावा, रुमाल नको. आवाजाचं तर व्हिडिओत काहीच कळत नाही, कारण तो तुमच्या बटणाने कमी-जास्त होतो. राउटरचा आवाज 100 डेसिबलपर्यंत सहज जातो आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे तेवढ्या आवाजात दिवसाला पंधरा मिनिटंच. मला उजव्या कानाने बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तो व्हिडिओंचा दोष नाही, माझाच.

मग तो काप मारायचा कसा

व्हिडिओतली वस्तू आवडली, पद्धत नापास झाली. अशा वेळी वस्तू सोडू नका, काप बदला. छोटी पाचर हवी असेल तर छोट्या तुकड्यातून नको, हातभर लांब पट्टीला स्लेडवर, म्हणजे टेबलाच्या खोबणीत सरकणाऱ्या पाटावर, धरून तिच्या टोकातून कापा आणि उरलेलं लाकूड हातात राहू द्या. शेवटचे दोन-तीन काप हातकरवतीने घ्या. मशीन लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात करवतीने काम झालेलंही असतं, पण करवतीचे व्हिडिओ कमी बघितले जातात.

मशीन सुरू करण्याआधी एक कोरी फेरी करा. प्लग काढलेला, बॅटरीचं टूल असेल तर बॅटरी काढून खिशात. ब्लेड बदलताना, उंची लावतानाही हेच. लाकूड ठेवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढकलून बघा. हात कुठे सुरू होतात, मध्ये कुठे बदलावे लागतात, शेवटी कुठे थांबतात, वायर कुठे अडते, कापलेला तुकडा कुठे पडतो. मध्येच हात बदलायला अवघड गेलं तर तिथेच घात होणार आहे. क्लॅम्प, काठी, दुसरं टेबल, जे लागेल ते आत्ताच आणा. फिरत्या ब्लेडसमोर उभं राहून काठी शोधणारा माणूस शेवटी बोटच वापरतो.

माझा भाचा वीस वर्षांचा आहे आणि या नादात पुरता बुडालाय. गेल्या महिन्यात आला आणि फोन माझ्यासमोर धरला. "मामा, हे बघ, काय भारी स्टूल केलंय. मी असंच करणार." मी फोन घेतला, आवाज बंद केला आणि परत त्याच्या हातात दिला.

"थांबव," मी म्हटलं. "कुठेही."

त्याने थांबवलं. पायाचा तिरका काप चालला होता. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"याचा अंगठा," तो म्हणाला, "लाकडाच्या मागे नाहीये. वर आहे."

"मग?"

"लाकूड गेलं तर तो ब्लेडच्याच अंगाने जाईल." मग जरा थांबून, "पण तिरका पाय हवाय मला. कसा कापू?"

मी खणातून जुन्या प्लायचा तुकडा काढला, त्यावर पायाचा कोन आखला आणि तिरक्या कापाचा स्लेड करायला आम्ही दोघं बसलो. माझा कमानवाला तुकडा तिथेच खिळ्याला टांगलेला होता. त्याने तो उतरवून उलटा केला, बोटाने कमान चाचपली, आणि विचारलं, "ही रायव्हिंग नाइफ आता कुठे आहे?"

लावलेली आहे, मी म्हटलं, जाऊन बघ. तो जाऊन वाकून बघून आला.